वाट डोंगराची, वेळही डोंगराचीच

मनालीहून लेहला जाताना तांडीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या एकत्र येतात. तिथल्या पेट्रोल पंपावर वर्षानुवर्षे एक पाटी आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मोटरसायकलवरून लडाखला निघालेला जवळजवळ प्रत्येक स्वार या पाटीपाशी थांबून फोटो काढतो, टाकी काठोकाठ भरतो, एखादा जादा कॅन मागे बांधतो आणि आता आपण निर्जन मुलखात शिरलो असे मानतो. ही सावधगिरी योग्यच आहे. मात्र ती अंतराची सावधगिरी आहे, आणि पुढच्या मुलखात अंतराचा हिशेब त्यातल्या त्यात सोपा असतो. पेट्रोल संपले तर मागून येणारा ट्रक थांबतो, एखाद्या ढाब्यावर चढ्या भावाने बाटली मिळते. दुपारी चार वाजता फुगलेल्या नाल्यावर पोहोचलेल्याला, किंवा सकाळी दोन हजार मीटरवरून निघून त्याच रात्री सव्वाचार हजार मीटरवर झोपलेल्याला अशी विकतची सुटका नसते. हिमालयातल्या दुर्गम वाटांवर एकट्या स्वाराला असणारा धोका जागेपेक्षा वेळेचा अधिक असतो. कुठे गेलात यापेक्षा किती वाजता, कितव्या दिवशी आणि कोणत्या महिन्यात गेलात यावर बरेच काही ठरते. हे मान्य केले, तर एकट्याने जावे की जाऊ नये या वादाची मांडणीच बदलावी लागते. कारण एकट्याकडे बाकी काही नसले तरी स्वतःच्या वेळापत्रकाची पूर्ण मालकी असते. तो ती वापरतो की नाही, यावरच त्याचा प्रवास शहाणपणाचा की अविचाराचा हे ठरते.

आपल्याकडे लडाखच्या गप्पा उंचीच्या आकड्यांनी सुरू होतात. खारदुंग ला खिंडीतल्या पाटीने अनेक वर्षे १८,३८० फूट असा आकडा मिरवला. आधुनिक मोजणीत ती खिंड १७,५८२ फुटांची, म्हणजे ५,३५९ मीटरची भरली. पुढे सीमा सडक संघटनेने, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘बीआरओ’ने, उमलिंग ला ओलांडणारा १९,०२४ फुटांवरचा रस्ता बांधला आणि २०२१ मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हापासून ‘उमलिंग केलं का?’ हा बायकर मंडळींचा ठरलेला प्रश्न झाला आहे. पण खिंडीत माणूस थांबतो अर्धा तास. शरीर हिशेब मागते तो रात्री पाठ टेकली त्या उंचीचा. यावरचे सर्वांत भक्कम काम भारतीय लष्करातच झाले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी ११,००० ते १८,००० फुटांवर नेलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निबंध लिहिला. जगभरच्या गिर्यारोहण-वैद्यकात तो आजही मानाने उल्लेखला जातो. ते सगळे कमावलेल्या शरीराचे सैनिक होते, आणि तरीही विरळ हवेने त्यांना आजारी पाडले. उत्तम प्रकृती हे उंचीवरचे कवच नव्हे. तिथे उपयोगी पडते ती हळूहळू चढण्याची सवड. आज डॉक्टर सांगतात तो नियमही सवडीचाच आहे : तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. त्यातली मेख अशी, की त्रास चढताना होत नाही, काही तासांनी होतो. खिंडीत हसत फोटो काढणाऱ्याचे डोके रात्री तंबूत ठणकू लागते.

हा नियम मनाली-लेह रस्त्यावर लावून पाहावा. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे. बरेच जण पहिला मुक्काम सरचूला करतात, आणि सरचू जवळपास ४,२९० मीटरवर. तीन हजार मीटरपर्यंतची चढण हिशेबातून वगळली, तरी उरलेल्या तेराशे मीटरसाठी तीन रात्री हव्यात. इथे त्या एका दिवसात उरकल्या जातात. त्यात सरचूची जागा मोठी अवघड. तिच्या मनालीकडच्या अंगाला बारालाचा ला आहे, सुमारे ४,८९० मीटरवर. लेहकडच्या अंगाला गाटा लूप्सची एकवीस वळणे, नकी ला आणि पाच हजार मीटरच्या वर असलेली लाचुंग ला. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू लागले तर पहिला आणि खरा उपाय म्हणजे खाली उतरणे. पण सरचूहून दोन्ही दिशांना आधी चढायचे आणि मगच उतरायचे. पुढच्या मुक्कामाचे, पांगचे, दुखणे हेच. ते लाचुंग ला आणि तांगलांग ला यांच्या बेचक्यात बसले आहे. नकाशावर हे मुक्काम सोयीचे दिसतात, कारण तिथे तंबू आहेत, गरम मॅगी आहे आणि दिवसाचा पल्ला बरोबर तिथेच संपतो. तीच माणसे केलाँगला किंवा जिस्पाला, साधारण ३,१०० ते ३,२०० मीटरवर, दोन रात्री काढून निघाली असती तर त्याच तंबूत बरीच निवांत झोपली असती. रस्ता तोच, खिंडी त्याच. फक्त मधले दोन दिवस कमी-जास्त.

जी गोष्ट उंचीची, तीच पाण्याची. सह्याद्रीत गाडी चालवायला शिकलेल्या माणसाच्या अंगात एक समज मुरलेली असते : पाऊस आला की ओढे भरतात, ऊन पडले की वाट मोकळी होते. माळशेज किंवा आंबोली घाटात ही समज जीव वाचवते. लाहौल-स्पितीत तीच समज उलटी पडते. तिथे नाल्यांना बहुतांशी वितळणाऱ्या बर्फाचे पाणी असते. रात्री थंडीत वितळणे मंदावते, म्हणून पहाटे पाणी सर्वांत कमी. दिवसभर ऊन बर्फावर काम करते आणि ते पाणी रस्त्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून दुपार कलल्यावर नाला सर्वांत जोरात. निळे आभाळ, लख्ख ऊन, आणि पाणी गुडघ्यावर! ग्रांफूहून छत्रूमार्गे बातलला जाणाऱ्या वाटेवर एका नाल्याला लोकांनी ‘पागल नाला’ म्हणायला सुरुवात केली ती उगाच नव्हे. सकाळी सातला तिथून बूट फारसे न भिजवता जाता येते. संध्याकाळी चारला तळातले गोटे पाण्याबरोबर सरकत असतात. आजची साहसी मोटरसायकल सामानासकट दोनशे किलोच्या वर जाते. ती थंडगार पाण्यात आडवी झाली तर एकट्या माणसाला उचलणे अवघड, आणि त्या उंचीवर दम लागत असताना आणखीच अवघड. म्हणून मुरलेले स्वार आधी गाडी लावून नाला चालत ओलांडतात, तळ पायाने चाचपतात आणि शंका आली तर अलीकडेच मुक्काम टाकतात. सकाळपर्यंत थांबणे हेच नाला ओलांडण्याचे सर्वोत्तम तंत्र आहे. बाकीची तंत्रे, म्हणजे पहिला गिअर, स्थिर थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर, ही सगळी त्यानंतरची.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हे सगळे जुन्या काळचे झाले. आता बोगदे आहेत, डांबर आहे, गाड्याही सुधारल्या. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने घटले. शिंकू ला खिंडीखाली १५,८०० फुटांवर ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचे काम २०२४ च्या जुलैत सुरू झाले. लाहौलच्या लोकांसाठी अटल बोगदा वरदान ठरला आहे, याबद्दल दुमत नाही. हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाली की आजारी माणसाला घेऊन हेलिकॉप्टरची वाट पाहत बसणाऱ्या खोऱ्याला त्याचे मोल विचारावे. पण प्रवाशाच्या बाबतीत बोगद्याने एक गोष्ट नकळत काढून घेतली. पूर्वी रोहतांगच्या चिखलात आणि वाहनांच्या कोंडीत अर्धा दिवस जायचा, आणि नाइलाजाने केलाँगला मुक्काम पडायचा. हा नाइलाज शरीराच्या दृष्टीने अगदी योग्य उंचीवर होत असे. आता दुपारच्या जेवणालाच केलाँग मागे पडते आणि ‘अजून उजेड आहे, सरचू गाठू’ असे वाटू लागते. गाड्यांचेही तसेच. कार्ब्युरेटरच्या बुलेटला उंचीवर हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळायचे. ती धाप टाकायची, काळा धूर सोडायची, स्वाराला जागोजागी थांबवायची. इंधन पुरवठा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होऊ लागल्यावर इंजिन विरळ हवेशी स्वतःच मिश्रण जुळवून घेते. ताकद आजही घटते, कारण पाच हजार तीनशे मीटरवर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. पण गाडी कुरकुरत नाही. यंत्राला जुळवून घ्यायला क्षणाचा अवकाश लागतो, माणसाच्या रक्ताला दिवस लागतात. सुधारलेल्या रस्त्याने आणि यंत्राने कडेलोटाचा धोका कमी केला आणि घाईचा वाढवला. त्यामुळे वेळेबद्दलचा विवेक आज पूर्वीपेक्षा जास्त लागतो.

ही घाई येते कुठून? मुंबई-पुण्याहून मनालीच दोन हजार किलोमीटरच्या घरात आहे. गाडी रेल्वेने पाठवा नाहीतर चालवत न्या, नोकरदार माणसाच्या हातात दोन शनिवार-रविवार धरून नऊ-दहा दिवसांची रजा असते आणि परतीचे तिकीट आधीच काढलेले असते. वेळापत्रक मैदानात, वातानुकूलित खोलीत आखले जाते आणि मग डोंगराने त्याप्रमाणे वागावे अशी अपेक्षा ठेवली जाते. गटाने गेलेल्यांवर हे दडपण अधिक असते. पंधरा जणांचे मुक्काम आगाऊ ठरलेले, मागे सामानाची गाडी, पुढे वाटाड्या. त्यात एकाचे डोके दुखते म्हणून सगळ्यांनी जिस्पाला दिवस काढायचा, हे सांगणार कोण? बहुतेक वेळा दुखणेकरीच गप्प बसतो. एकट्याला कुणाची परवानगी काढायची नसते, कुणाची सहल बिघडवल्याचा अपराधीपणाही वाटत नाही. नाल्यापाशी येऊन मागे फिरला तर पाहायला कुणी नसते. १९७३ ते १९७७ अशी चार वर्षे ट्रायम्फ गाडीवरून एकट्याने जग फिरलेले टेड सायमन, किंवा १९८२ ते १९८४ या काळात बीएमडब्ल्यूवरून पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या एल्स्पेथ बिअर्ड यांची नावे आज आदराने घेतली जातात. त्यांच्या प्रवासांचा कालावधीच सांगतो, की वाटेत अडकणे, दुरुस्ती, आजारपण, कागदपत्रांची वाट पाहणे हा सगळा त्या प्रवासाचाच भाग होता. एकट्याचा पल्ला मोठा होतो, तो वेगामुळे नव्हे. थांबायची तयारी असल्यामुळे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : काही झालेच तर एकट्याचे काय? इथे आडपडदा न ठेवता मान्य करायला हवे, की अपघात झाल्यानंतर गट नेहमीच सरस. पाय मोडला तर कुणीतरी मदत आणायला जाऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विरळ हवा माणसाची विचारशक्ती मंदावते. मेंदूला सूज येऊ लागलेला माणूस धडपडत चालतो, असंबद्ध बोलतो, आणि आपण ठीक आहोत असे त्याला वाटत राहते. हे सोबत्याच्या लक्षात येते. एकट्याच्या लक्षात आणून देणारे कुणी नसते. संपर्काची साधनेही तोकडी. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, आणि पोस्टपेड असले तरी मोठमोठ्या पट्ट्यांत रेंज नसते. परदेशातले एकटे स्वार उपग्रहावरून संकटाचा संदेश पाठवणारी छोटी यंत्रे खिशात बाळगतात. भारतात परवान्याशिवाय तशी यंत्रे बाळगणे बेकायदा आहे आणि त्यापायी परदेशी पाहुण्यांना अटकही झाली आहे. म्हणजे जो फायदा एकट्याला अपघाताच्या आधी मिळतो, तो त्याने वापरला नाही, तर त्याच्या पदरात केवळ तोटेच राहतात. यातून निघणारा नियम साधा आहे : निर्णय उंचीवर गेल्यावर घ्यायचे नाहीत, खालीच घेऊन ठेवायचे. दुपारी दोननंतर मोठा नाला ओलांडायचा नाही. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा तोल जाणे सुरू झाले, की पुढचा मुक्काम कितीही जवळ असला तरी खाली उतरायचे. संध्याकाळी अमुक ठिकाणाहून निरोप आला नाही, तर दुसऱ्या दिवशी किती वाजता कुणाला फोन करायचा, हे घरच्या माणसाकडे लिहून ठेवायचे. भांबावलेल्या मेंदूला नवा विचार करता येत नाही, पण आधी ठरवलेला नियम पाळता येण्याची शक्यता असते.

‘हे सगळे रिकामटेकड्यांसाठी ठीक आहे, आम्हाला रजाच तेवढी मिळते,’ हा तिसरा आक्षेप. तो खरा आहे, आणि त्याचे उत्तर रजा वाढवा असे नाही. नकाशा लहान करा असे आहे. लेहलाच जायचे असेल तर श्रीनगरकडून जाणे शरीराला सोपे पडते. साधारण १,६०० मीटरवरचे श्रीनगर, मग सोनमर्ग, ३,५०० मीटरच्या आसपासची झोजी ला, पलीकडे २,७०० मीटरवरचे कारगिल, मग फोटू ला ओलांडून साडेतीन हजार मीटरवरचे लेह. खिंडी आहेत, पण प्रत्येक खिंडीनंतर मुक्काम खाली आहे. स्पितीतही तसेच. कुंझुम खिंडीमार्गे एका दिवसात काझा गाठण्याऐवजी किन्नौरकडून रामपूर, कल्पा, नाको, ताबो अशी पायरी-पायरीने वाट चढते. दहा दिवसांत मनाली, लेह, नुब्रा, पँगाँग, हानले, उमलिंग ला आणि परत, हा बेत कागदावर बसतो. तब्येत, हवामान आणि रस्ता यांपैकी एकानेही अडवायचे नाही ही त्याची अट असते. त्याच दहा दिवसांत फक्त स्पिती, किंवा फक्त कारगिल आणि झंस्कार ठरवले, तर दोन-तीन दिवस हाताशी शिल्लक राहतात. शिल्लक दिवस हा या मुलखातला सर्वांत महत्त्वाचा सुटा भाग आहे. क्लच केबल, ट्यूब आणि चेनची कडी सगळेच घेतात. हा भाग मात्र बहुतेक जण घरीच विसरतात.

चौथा आक्षेप तत्त्वाचा आहे. साहसातला धोकाच काढून टाकला तर उरले काय? आणि जीव माझा आहे, जोखीम माझी आहे. इतरांनी त्यात का पडावे? यातल्या दुसऱ्या भागाचे उत्तर रस्त्यावरच मिळते. १९६० मध्ये स्थापन झालेली सीमा सडक संघटना दरवर्षी या खिंडींतला बर्फ फोडते. त्या कामावर झारखंडच्या दुमका भागातून आलेले मजूर असतात आणि जिथे स्वार अर्धा तास थांबून फोटो काढतो तिथे ते महिनोन्‌महिने खडी फोडतात. पांगच्या तंबूंत लडाखी बायका अनोळखी माणसाला पांघरूण देतात. बातलच्या चाचा-चाचीच्या ढाब्याने बर्फवादळात अडकलेल्यांना आसरा दिल्याच्या कहाण्या स्पितीभर सांगितल्या जातात. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात अतिवृष्टी झाली आणि चंद्रतालजवळ चौदा हजार फुटांवर सुमारे अडीचशे पर्यटक अडकले. त्यांना बाहेर काढायला कुंझुम खिंडीतला बर्फ हटवत यंत्रे आणि माणसे वर गेली; राज्याचे एक मंत्रीही त्यांच्यासोबत होते. त्या पर्यटकांची चूक होती असे म्हणण्याचे कारण नाही. पण तिथे कुणाचीही जोखीम केवळ त्याची एकट्याची राहत नाही, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. नाल्यात पडलेल्या स्वाराला ओढून काढायला कुणीतरी त्याच पाण्यात उतरतो. आणि हे जाळे हंगामी असते. सप्टेंबर सरला की तंबू उठू लागतात, ढाबे खाली उतरतात. तेव्हा गर्दी टाळून जाणाऱ्याने आपण मदतीलाही टाळून चाललो आहोत, हे लक्षात ठेवावे. साहसाबद्दल म्हणायचे, तर अविचारात साहस फार थोडे असते. न सरावता पाच हजार मीटरवर जाणे हा शरीरावर लावलेला सट्टा आहे. फुगलेल्या नाल्यासमोर, दिवस वाया जाणार हे कळत असताना, गाडी वळवणे याला मनाचा जास्त कणखरपणा लागतो.

एवढे सगळे पाळूनही धोका शून्य होत नाही, हे सांगितल्याशिवाय हा युक्तिवाद पुरा होत नाही. चिनाबच्या दरीत किश्तवाडहून पांगी खोऱ्यातल्या किलाडला जाणारा रस्ता कड्यात कोरलेला आहे. एका बाजूला डोक्यावर आलेला खडक, दुसऱ्या बाजूला शेकडो फूट खाली नदी, मध्ये एका वाहनापुरती वाट. तिथे पहाटे निघालात तरी दगड केव्हा सुटेल हे कुणी सांगू शकत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये किन्नौरमधल्या निगुलसरी इथे भर दिवसा डोंगर कोसळला, बस त्याखाली सापडली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. लेहमध्ये ऑगस्ट २०१० च्या एका रात्री ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक जीव गेले. त्यातले कित्येक आपल्या घरात झोपलेले होते. दुचाकी तर मैदानातही घातकच. २०२२ मध्ये देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणजे लडाखला जाणाऱ्याने धोक्याच्या भीतीने घरी बसावे, असा सल्ला द्यायला घरचा रस्ताही मोकळा नाही. तेव्हा एकट्याने निघणाऱ्याने धोक्याचे दोन ढीग करावेत. एक घाईचा : चुकीची उंची, चुकीची वेळ, उरलेला उजेड, सरत आलेला हंगाम. हा जवळजवळ सगळाच टाळता येतो, आणि तो सोबत नेणाऱ्याला धाडसी म्हणण्याचे कारण नाही. दुसरा ढीग डोंगराचा : सुटलेला दगड, फुटलेला ढग, वळणावर समोरून आलेला ट्रक. त्याच्यावर उपाय नाही. तो पत्करायचा असेल तर डोळे उघडे ठेवून पत्करावा, आणि पत्करण्याआधी ज्यांना त्याची किंमत मोजावी लागेल त्या घरच्या माणसांपुढे मोकळेपणाने मांडावा. त्यांनी नको म्हटले तर त्या नकाराचाही विचार करावा. पहिला ढीग कमी करण्याचा कंटाळा आणि दुसऱ्याबद्दल घरी बोलण्याचा संकोच, ही दोन्ही लक्षणे ज्याच्यात आहेत त्याने एकट्याने जाऊ नये. ज्याच्यात नाहीत, त्याला अडवण्यासारखे सबळ कारण या लेखाला तरी सापडलेले नाही.